उन्हानं माणूस पडला तर आधी पाणी टाकायचं की आधी दवाखाना गाठायचा?

मानेवाडावाली यांनी विचारलं:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहून राहिली पण पूर्ण वाचा प्लीज, अन् ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा, कारण घरातलं पुढचं लग्न २८ मे ला आहे, म्हणजे ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत.

मागच्या रविवारी नागपूरला वर्धा रोडकडे एका लॉनवर माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. पारा ४५ च्या वर. मोठे काका, वय ६४, नवरीचे वडील, सकाळी ५ पासून पायावर उभे. आचाऱ्यांची जागा टिनाच्या शेडखाली, तिथं भट्ट्या पेटलेल्या, अन् काकांच्या येरझारा तिथंच, अंगात सफारी, पोटात दोन कप चहा. तीनच्या सुमारास मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला तर त्यांनी तो भरलेला ग्लास पेन ठेवतात तसा सफारीच्या खिशात घालायला घेतला. सगळं पाणी मांडीवरून खाली गेलं अन् त्यांना कळलंसुद्धा नाही. मग मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. आम्हाला वाटलं पोरगी चालली सासरी म्हणून जीव कासावीस झाला असेल, बसू द्या थोडं. पाच मिनिटांत खुर्चीवरून खाली.

त्याच्यापुढं जे झालं ते मला अजून रात्री आठवते. अंग असं तापलेलं की हात ठेववेना, पण बनियन घामानं चिंब. एकानं कांदा फोडून नाकाला लावला, एकानं तोंड उघडून पाणी ओतलं ते ठसक्यात गेलं, मी जग घेऊन अंगावर पाणी टाकायला गेली तर दोन मोठ्या बायकांनी माझा हात धरला की तापलेल्या अंगावर गार पाणी टाकलं तर लकवा मारतो. गाडी बाहेर काढायला वीसेक मिनिटं गेली कारण समोर वरातीच्या गाड्या. दवाखान्यात मात्र सिस्टरनं पहिल्या मिनिटाला सफारी कैचीनं कापली अन् पाणी मारायला सुरुवात केली. आयसीयूत तीन दिवस, किडनीचे आकडे वाढले होते, आता घरी आहेत, बोलतात नीट, पण हात थरथरतो.

मला एवढंच विचारायचं आहे, त्या वीस मिनिटांत आम्ही काय करायला पाहिजे होतं?

---

कॅज्युअल्टीसिस्टर

ताई, काका घरी आले हे वाचून बरं वाटलं. मी २२ वर्षं कॅज्युअल्टीत आहे, मे महिना दरवर्षी असाच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला उत्तर ग्लासनंच दिलं होतं. ऊन लागलेल्या माणसाला चक्कर येते, डोकं दुखते, मळमळते, घाम सुटतो, पायात गोळे येतात, पण तो शुद्धीत असतो, नाव गाव बरोबर सांगतो. त्याला सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, पाय थोडे वर, ओआरएस घोट घोट द्यायचं, अर्ध्या तासात माणूस सावरते. नाही सावरला, उलट्या सुरूच राहिल्या, तर दवाखाना. पण ज्या क्षणाला माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, चिडचिड करायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तो उष्माघात समजायचा. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडते, मग किडनी, लिव्हर. घाम येऊन राहिला म्हणून उष्माघात नाही असं अजिबात नाही. घरात पंख्याखाली पडून राहिलेल्या म्हाताऱ्यांची कातडी कोरडी सापडते, पण काम करता करता पडलेला माणूस घामानं ओलाचिंब असू शकतो, जसे तुमचे काका.

अन् उष्माघातात दवाखान्याच्या आधी पाणी. एकानं १०८ लावायचा, त्याच वेळी बाकीच्यांनी गार करणं सुरू करायचं, रुग्णवाहिकेची वाट पाहत हात बांधून बसायचं नाही. किती वेळ शरीर तेवढं तापलेलं राहिलं यावर सगळं आहे, पहिल्या अर्ध्या तासात उतरलं तर माणूस बहुतेक धडधाकट घरी जातो. वरचे कपडे काढा, लाजू नका, अन् अंगावर पाणी ओता, डोक्यापासून पायापर्यंत, ओतत राहा, अन् जोरात वारा घाला. काख, मान, जांघ इथं बर्फ फडक्यात गुंडाळून.

एक नागपूरची गोष्ट सांगते, दुपारी नळ उघडू नका, स्लॅबवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात चहाला चालेल इतकं तापलेलं असते. माठातलं घ्या, पिण्याच्या पाण्याच्या जारमधलं घ्या. लग्नात तर तुमच्याकडं सगळं हजर असते हो, जारच्या रांगा, सरबताच्या बर्फाच्या लाद्या, मंडपवाल्याची ताडपत्री. जवान, धडधाकट माणूस काम करता पडला तर ताडपत्रीवर झोपवायचं, चार जणांनी चारही कडा उचलून धरायच्या म्हणजे झोळी होते, आत जार ओतायचे, बर्फ फोडून टाकायचा अन् पाणी हलवत राहायचं. एकानं फक्त डोकं सांभाळायचं, तोंड पाण्याच्या वर. काकांच्या वयाच्या माणसाला झोळीत नाही घातलं तरी चालेल, सतत ओलं ठेवून वारा घालणं अन् बर्फ, एवढं पुरते. माणूस नीट बोलायला लागला, थंडी वाजून हुडहुडी भरली की थांबायचं.

कूलर जवळ ओढा पण जमीन ओली आहे हे विसरू नका, कूलरच्या पत्र्याला ओल्या हातानं शिवून माणसं गेलेली मी पाहिली आहेत, त्यापेक्षा पुठ्ठा हलवा.

शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही नाही, पाणी नाही, सरबत नाही. कुशीवर वळवायचं. झटके आले तर दातात चमचा, चप्पल काही घालायचं नाही. अन् पॅरासिटामॉल देऊ नका, हा तापाचा ताप नाही, गोळीनं उतरत नाही, आधीच दमलेल्या लिव्हरवर उगाच भार.

---

जुनामहालकर

सिस्टर, तुमचा मान ठेवून सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्यांपासून ऐकत आलो की उन्हातून आल्यावर माठाचं पाणी लगेच प्यायचं नाही अन् अंगावर तर घ्यायचंच नाही, सर्दगरम होते. माझे एक मामा शेतातून आले, विहिरीवर बादल्या घेतल्या, अन् संध्याकाळी तोंड वाकडं झालं. डोळ्यानं पाहिलं आहे मी. त्यामुळं त्या बायांना दोष देऊ नका, त्यांनी भल्यासाठीच हात धरला होता.

---

कॅज्युअल्टीसिस्टर

काका, त्यांना दोष देतच नाही, माझी आई पण हेच सांगायची. लकवा मेंदूची नस बंद झाल्यानं नाहीतर फुटल्यानं होतो, अंगावर पाणी घेतल्यानं नस बंद होत नाही. पण पहा, दिवसभर उन्हात पाणी न पिता राबलं तर रक्त घट्ट होते, बीपी वरखाली होते, म्हणजे तुमच्या मामांच्या शरीरात जे व्हायचं ते बादलीच्या आधीच सुरू झालं असेल, अन् लोकांच्या डोळ्यापुढं बादली राहिली. शिवाय उष्माघातातच जीभ जड होते, झटके येतात, म्हणून पाणी टाकणाऱ्याच्या माथी ते येते.

धडधाकट माणूस उन्हातून आला, त्यानं पाच मिनिटं टेकून मग पाणी प्यायलं तर माझी काही हरकत नाही, पाळा तो नियम. पण जो बेशुद्ध पडला त्याच्यासाठी हा नियम नाही. त्याला दवाखान्यात आणल्यावर आम्ही दुसरं काय करतो? तेच गार पाणी, तोच बर्फ, तोच पंखा. मग ते वीस मिनिटं आधी लॉनवरच का नाही.

---

साइटवालाहिंगणा

सिस्टर बरोबर सांगून राहिल्या. मी बांधकाम साइटवर सुपरवायझर आहे, माझ्याकडं बालाघाट, छिंदवाड्याकडचे पोट्टे असतात, काही गोंदियाचे. दोन वर्षांमागं एक पोट्टा सेंट्रिंगवरून उतरला अन् उतरल्यावर शिडीलाच नमस्कार करून राहिला, बाकीचे हसायला लागले, मी पण आधी हसलो, मग लक्षात आलं की त्याची नजर कुठंच ठरत नाही. आम्ही त्याला क्युरिंगच्या पाण्याच्या हौदात बसवला, गळ्यापर्यंत, दोघांनी काखेत धरून, अन् आठ दहा मिनिटांत तो मला शिव्या द्यायला लागला की एवढं पाणी कशाला. मग १०८ आली. चौथ्या दिवशी कामावर यायला निघाला होता, मी परत पाठवला, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय नाही.

त्या पोट्ट्याचा कामाचा तो दुसराच दिवस होता. हे मला तेव्हा डॉक्टरनं समजावलं की उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होते, म्हणून नवा माणूस अन् गावाकडून सुट्टी काढून आलेला जुना माणूस हे दोघं पहिले पडतात. आता नव्याला पहिले दोन तीन दिवस अर्धंच काम देतो. मेमध्ये सकाळी ६ ते ११ अन् मग ४ नंतर. ठेकेदार कुरकुर करते, करू दे.

लघवीचा रंग पाहायला सांगतो सगळ्यांना, गडद पिवळी झाली की पाणी कमी पडून राहिलं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात असं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर अन् सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, वरून लिंबू. खोक्यातले गोड ज्यूस ओआरएस म्हणून घेऊन येतात पोट्टे, ते वेगळं आहे, नुसती साखर.

कांद्याचं म्हणाल तर मी पण खिशात ठेवतो, आईनं लावलेली सवय, जेवताना खातो पण. पण कांदा खिशात आहे म्हणून दुपट्टा न बांधता, पाणी न घेता बाहेर निघणं हे चुकीचं. पडलेल्या माणसाच्या नाकाला कांदा लावण्यात जो वेळ जातो तो पाण्याचा वेळ आहे.

अन् आकड्यांवर जाऊ नका. २०२४ च्या मे अखेरीला आपल्या इथं ५६ डिग्रीची बातमी फिरली होती, नंतर हवामान खात्यानं सांगितलं की त्या ऑटोमॅटिक केंद्राचा सेन्सर बिघडला होता. तेव्हापासून लोक ४३ ला काही समजतच नाहीत, ४३ मध्ये पण माणूस जाते हो.

---

माहेरनागपूर

४३ कशाला, त्याच्याही खाली जातो. मी लग्नानंतर पनवेलला आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेले १४ लोक गेले, तेव्हा पारा चाळिशीच्याही खाली होता. इथं घाम सुकतच नाही हवेतल्या दमटपणामुळं, अन् घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं. नागपूरचे पाहुणे येतात अन् म्हणतात हे काय ऊन, अन् दुपारीच भटकतात, त्यांना सांगावं लागतं.

हेच कूलरचं. आईकडं कूलर लावून सगळ्या खिडक्या घट्ट बंद करतात की गार हवा जाऊ नये. मग तासाभरात खोली दमट होते अन् कूलर नुसतं ओलं वारं फेकतो. एक खिडकी समोरून उघडी पाहिजे. माझी आजी वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहते, ऊन एक मिनिट अंगावर नाही घेत पण रात्री पण भिंती तापलेल्या, नवतप्यात तिला दुपारी दिवसभर खालच्या खोलीत आणतो. म्हातारी माणसं तहान लागली असं सांगत नाहीत, त्यांना तहान कमीच कळते, समोर पन्ह्याचा ग्लास धरावा लागतो.

---

काटोलकर

विषय उन्हाचा आहे पण मी थंडीचं विचारतो अन् सांगतो पण, कारण आमच्याकडं दोन्ही आहे. संत्र्याची बाग आहे. शेतीची लाइट हिवाळ्यात रात्रीची पाळी आली की रात्री ओलित. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, शेतात तर दव गोठलं होतं. त्याच आठवड्यात आमचा सालदार पहाटे चारला गुडघ्यापर्यंत ओला, बांधावर बसलेला सापडला. आधी खूप कापत होता म्हणे, मी गेलो तेव्हा कापणं थांबलं होतं, मला वाटलं बरं आहे. पण जीभ जड, दारू प्यायल्यासारखा बोलत होता, अन् तो थेंबाला शिवत नाही. आम्ही शेकोटीजवळ ओढला, हातपाय खसाखसा चोळले, एकानं दोन घोट दारू पाजली. वाचला, पण दवाखान्यात आम्हाला डॉक्टरनं चांगलंच झापलं. नेमकं काय चुकलं ते सिस्टरनी सांगावं, पुढच्या हिवाळ्याला कामात येईल.

---

कॅज्युअल्टीसिस्टर

काटोलकर दादा, बरं झालं विचारलं. कापणं थांबलं ते बरं नव्हतं. शरीर कापून कापूनच ऊब तयार करते, ३५ च्या खाली उतरत गेलं की एका टप्प्यावर तेही जमेनासं होते, अन् मग डोकं बधिर. उन्हात बोलणं बिघडते तसं थंडीत पण बिघडते, दोन्हीकडं पहिली खूण तीच आहे.

दारूनं कातडीच्या नसा मोकळ्या होतात, वरून गरम वाटते अन् आतली ऊब बाहेर निघून जाते. चोळल्यानं हातापायातलं गार रक्त एकदम छातीकडं येते, अन् गारठलेलं हृदय फार नाजूक असते, आदळआपट पण करायची नाही, उचलून आडवं न्यायचं, चालवायचं नाही. शेकोटीला हातपाय लावले तर बधिर कातडी भाजते अन् त्याला कळत नाही.

करायचं काय, तर ओले कपडे आधी काढा. खाली पोती, तणस, घोंगडी काहीतरी घाला कारण जमीनच जास्त ऊब ओढते. कोरडी चादर, ब्लँकेट, डोक्याला टोपी नाहीतर मफलर. ऊब छातीला, काखेला, पोटाला, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, थेट कातडीला नाही. दुसऱ्या माणसानं अंगाला अंग लावून एकाच घोंगडीत बसलं तरी फार काम होते. पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल तरच गरम गोड चहा. अन् इथं पण १०८.

खोलीत नेलं तर शेगडी पेटवून दार लावून घेऊ नका. त्या धुरातला विषारी वायू वास पण देत नाही, झोपेतच माणसं जातात, दर हिवाळ्यात.

बोटं काळीनिळी पडणं, हिमदंश, ते आपल्याकडं होत नाही, पण लेह, केदारनाथला जाणारे विचारतात म्हणून एक ओळ, चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात चोळायचा नाही, अन् परत गोठायची भीती असेल तर मध्येच शेकायचं पण नाही, खाली उतरून डॉक्टरकडंच.

---

मानेवाडावाली

सगळ्यांचे खूप खूप आभार. महालकर काका, तुमचं पण, कारण तुमचा मेसेज मी घरी मोठ्यांदा वाचून दाखवला अन् मग सिस्टरचं उत्तर वाचलं, माझा हात धरला होता त्यातल्या एक मावशी शांत बसून ऐकत होत्या, शेवटी म्हणाल्या म्हणजे मी पाणी अडवलं. मी म्हटलं मावशी, मला पण कुठं माहीत होतं, मी पण सोडूनच दिलं होतं ना.

२८ चं सांगते. वरात साडेबाराची होती ती संध्याकाळी ७ वर नेली, मुलाकडच्यांशी तासभर बोलावं लागलं पण मानले. आचाऱ्यांच्या शेडमध्ये दोन मोठे पंखे अन् तिथं माणसं दर तासाला बदलणार. बर्फाच्या लाद्यांपैकी दोन वेगळ्या काढून ठेवायच्या, ताडपत्री मंडपवाल्याला सांगितली, तो विचारत होता पाऊस येणार आहे का म्हणून. गेटसमोर एक गाडी निघेल एवढी जागा मोकळी, तिथं माझा भाऊ उभा राहणार.

सिस्टर, एकच राहिलं. काका बीपीची गोळी घेतात, त्यात लघवीची गोळी पण आहे. आता घरात कोणी म्हणते उन्हाळाभर ती बंद करा. करायची का? अन् ओआरएस चालेल का त्यांना, मीठ असते ना त्यात?

---

कॅज्युअल्टीसिस्टर

स्वतःहून बंद करू नका ताई. त्या गोळीनं शरीरातलं पाणी कमी होते हे खरं, म्हणूनच उन्हाळ्यात डोस बदलायचा का हे डॉक्टर ठरवतात, अन् काकांची किडनी आत्ताच सावरून राहिली तर ओआरएस किती, पाणी किती हे पण त्यांच्याच रिपोर्टवर ठरणार. डिस्चार्ज कार्ड अन् सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून याच आठवड्यात दाखवून या. थरथरणाऱ्या हाताचं पण सांगा, ते सांगायचं राहून जाते.

अन् २८ ला काकांना सफारी घालू देऊ नका. पांढरा सुती कुर्ता, अन् भट्टीकडं पाय ठेवायचा नाही. एकदा उष्माघात झालेल्या माणसाला काही काळ ऊन लवकर लागते.

---

मानेवाडावाली

उद्याच दाखवायला नेते. कुर्त्याचं काकूंनी आधीच ठरवलं आहे, सफारी तर तशी पण कापलेलीच आहे.